मुद्राराक्षस, पिनकोड आणि पाच पोरं

१६ ऑगस्ट, शुक्रवार

मुंबई विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून माझी हातपिशवी बाहेर आली ती बाजूच्या पट्ट्यावर. "इसमें गोल गोल क्या है?" जवानाने विचारलं. हिने बांधून दिलेला सोलापुरी टॉवेल मी त्याच्यासमोर उलगडला. आत दोन जाड पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांच्या मध्ये काळी तबकडी. त्याने लेबल वाचलं, "बीटल्स?" म्हणाला आणि तबकडी दोन्ही हातांनी परत दिली. विमानतळावर मला काहीही दोन्ही हातांनी परत मिळाल्याची ही पहिलीच वेळ.

तबकडीची हकिकत आधी सांगून टाकतो, कारण पुढचे दहा दिवस ती माझ्या मांडीवर होती. 'कान्ट बाय मी लव्ह', १९६४. पण ही ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची. इंग्लंडात ७८ च्या रेकॉर्डी १९६० च्या सुमारास बंदच झाल्या आणि बीटल्सची स्वतःच्या नावावरची पहिली रेकॉर्ड आली १९६२ च्या ऑक्टोबरात. म्हणजे त्यांच्या देशात त्यांची ७८ निघालीच नाही. आपल्याकडे मात्र गावोगावी वीज नव्हती, चावीचे फोनो होते, म्हणून कलकत्त्याच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्ससुद्धा लाखेवर दाबले जात होते. आज जगभरचे शौकीन या भारतीय ७८ च्या मागे असतात. मी माझी प्रत चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, भजनांच्या गठ्ठ्यातून अडीचशे रुपयांना उचलली त्याला आता बरीच वर्षं झाली. बेत असा होता की ती तिकडे कुणाला तरी द्यायची आणि बदल्यात एक जुना, अस्सल फोटो घेऊन यायचं.

फोटो चौघांचा नव्हे, पाचांचा. सगळं जग ज्या चौघांना ओळखतं ते १९६२ च्या ऑगस्टनंतरचे. त्याआधी ड्रमवर रिंगो नव्हता, पीट बेस्ट होता. आणि वर्षभर बेस गिटारवर स्टुअर्ट सटक्लिफ नावाचा एक चित्रकार पोरगा होता, त्याला बेस धड वाजवता येत नव्हता असं सगळेच सांगतात. जॉन, पॉल, जॉर्ज, पीट, स्टुअर्ट. मळक्या चामड्याच्या जाकिटातली ही पाच पोरं मला त्या प्रसिद्ध सुटातल्या चौघांपेक्षा नेहमीच जवळची वाटली. आमचा सदाशिव पेठेतला छापखाना वडिलांनी ज्या ट्रेडलवर, पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, सुरू केला, त्या ट्रेडलसारखीच: तेलकट, खडखडाटी आणि कशी चालते ते देवाला ठाऊक.

भाचा जर्मनीत, हॅम्बुर्ग शहराच्या हार्बुर्ग भागात, तिथल्या तंत्रविद्यापीठात शिकतो. त्याने स्टेशनवर माझी बॅग घेतली आणि पहिलं वाक्य टाकलं, "मामा, झोपायचं नाही. संध्याकाळी जत्रा आहे."

त्याला माहीत नव्हतं की माझ्या यादीत पहिल्या नंबरवर ती जत्राच आहे. हायलिगनगाइस्टफेल्डच्या मैदानावर वर्षातून तीनदा 'डोम' भरतो. १९६० च्या हिवाळ्याच्या तोंडाशी आस्ट्रिड किर्शहेर नावाची बावीस वर्षांची मुलगी या पाचांना सकाळी उठवून याच मैदानावर घेऊन आली. रात्रभर वाजवून डोळे सुजलेले, हातात गिटार, मागे पाळण्यांचं लोखंड आणि मालट्रक. तिच्याकडे रोलायकॉर्ड कॅमेरा होता आणि उजेड होता तो उत्तरेतल्या ढगाळ सकाळीचा, करडा. त्या ट्रकवरच्या फोटोत एका टोकाला पीट, दुसऱ्या टोकाला स्टुअर्ट. कुणीही हसत नाही. तोवर बँडचे फोटो म्हणजे सूट, पडदा आणि दात. आस्ट्रिडने त्यांना नुसतं उभं केलं.

आज तिथे साखरेचे बदाम, सॉसेज, भोंगे, आणि साडेदहाला आतषबाजी. भाचा म्हणाला, "कुठे उभे होते ते?" मी म्हटलं, "इथेच कुठेतरी." त्यावर त्याने चाळीस एकर गर्दीकडे बघून मान डोलावली. मैदान एवढं मोठं आहे की नेमकी जागा सांगणं अशक्य, आणि ट्रक तर काय, ट्रक होता, गेला.

१७ ऑगस्ट, शनिवार

तारीख मुद्दाम साधली होती. १७ ऑगस्ट १९६० च्या रात्री ही पोरं हॅम्बुर्गमध्ये पहिल्यांदा स्टेजवर चढली, 'इंद्रा' क्लबात. हो, इंद्राच. हत्ती असलेली पाटी होती म्हणे. ग्रोसे फ्रायहाइट, नंबर ६४. 'ग्रोसे फ्रायहाइट' म्हणजे मोठं स्वातंत्र्य. त्या गल्लीत कशाकशाचं स्वातंत्र्य आहे हे भाच्याने मामाला समजावून सांगितलं नाही आणि मामानेही विचारलं नाही. आम्ही दोघेही दुकानांच्या पाट्यांवरून नजर फिरवत, शाळेतल्या शिस्तीत, सरळ चालत गेलो.

करार होता रोज साडेचार तासांचा, शनिवार-रविवारी सहा. रोजचे प्रत्येकी तीस मार्क. ४८ रात्रींनंतर शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे इंद्रातलं वाजवणं बंद झालं आणि त्यांना त्याच गल्लीत ३६ नंबरला, 'कायझरकेलर'मध्ये हलवलं. दोन्हीचा मालक एकच, ब्रूनो कोशमिडर. राहायची सोय त्याच्याच 'बाम्बी' सिनेमागृहात, पडद्यामागच्या बिनखिडकीच्या खोलीत, स्वच्छतागृहाला खेटून. पॉल-रोझेन-श्ट्रासेवर ते दार अजून आहे. भाचा कुलपाकडे बघत म्हणाला, "माझं हॉस्टेल बरंय." नोव्हेंबरात पोलिसांच्या लक्षात आलं की जॉर्ज सतरा वर्षांचा आहे आणि रात्री उशिरापर्यंत क्लबात वाजवतोय. त्याला परत पाठवलं. पाठोपाठ पॉल आणि पीट त्या खोलीत काहीतरी पेटवल्याच्या आरोपावरून आत गेले आणि देशाबाहेर.

रीपरबानच्या कोपऱ्यावर बीटल्स-प्लाट्झ आहे. २००८ साली केलेला, जमिनीवर रेकॉर्डसारखा काळा गोल आणि त्यावर स्टीलच्या पोकळ आकृत्या. ड्रमर मुद्दाम पीट आणि रिंगो दोघांचा मिळून केलाय. स्टुअर्ट बाजूला, एकटा. लोक त्या आकृत्यांत स्वतःचं तोंड घालून फोटो काढतात. मला ती जागा आवडली नाही. स्वच्छ आहे.

खरी जागा पुढे आहे, वोलविलश्ट्रासेवर, एका कमानीतून आत. येगरपासाज. युर्गन फोलमर हा आस्ट्रिडचा मित्र. त्याने १९६१ त इथल्या दारात जॉनला टेकून उभं केलं आणि बाकीच्यांना समोरून चालायला सांगितलं. शटर मंद ठेवलं. त्यामुळे जॉन ठणठणीत स्पष्ट आणि समोरून जाणारे पॉल, जॉर्ज, स्टुअर्ट म्हणजे नुसते धुराचे लोट. चौदा वर्षांनी जॉनने हाच फोटो आपल्या अल्बमच्या आवरणावर वापरला. मी भाच्याला दारात उभं केलं, स्वतः फोन धरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट पाहिली. एक आजोबा पिशवी घेऊन गेले. फोनने आजोबांच्या पिशवीतल्या पावाचे दाणेसुद्धा स्पष्ट टिपले. पुसट होणं हे हल्लीच्या कॅमेऱ्यांना जमत नाही.

आता फजितीकडे येतो, कारण ती टाळता येणार नाही.

दुपारी आम्ही एका जुन्या बाजारात शिरलो. कुठल्या ते राहू दे. टेबलावर काचेखाली एक काळापांढरा फोटो: छोटं स्टेज, पाच जण, घामाने निथळलेले. विक्रेता म्हणाला, १९६१, छायाचित्रकाराकडची अस्सल प्रत. मी खिशातलं भिंग काढलं. छापखान्यात आयुष्य गेलं माझं, कुठलंही चित्र हातात आलं की आधी टिपके शोधतो. ऑफसेटवर छापलेल्या नकलेत जाळी दिसतेच: काळे टिपके, मध्ये पांढरं, पंक्तीत. इथे टिपके नव्हते. अखंड छटा, म्हणजे फोटोच्या कागदावरची खरी प्रत. मागे जांभळा रबरी शिक्का, नाव, पत्ता. माझी छाती धडधडायला लागली. मी घासाघीस करून एकशे ऐंशी युरो मोजले. भाच्याने मला कोपराने ढोसलं होतं; मी त्याचा अर्थ "घ्या" असा घेतला.

रात्री त्याच्या खोलीत, नूडल्स खाताना, त्याने फोटो उलटा केला. "मामा, हा पिनकोड बघा. २०३५९."

"आज फिरलो त्या सेंट पाउलीचा असणार."

"सेंट पाउलीचाच. माझा मित्र राहतो तिथे. पण पाच आकडी पिनकोड इथे १९९३ च्या जुलैत आले. त्याआधी चार आकडी होते, आणि तेसुद्धा १९६१ त सुरू झाले."

मी फोटो हातात घेतला आणि तेव्हा कुठे, आठ तास उशिरा, अंगठ्याने कागद चाचपला. गुळगुळीत. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर दिलेला, पाण्यातून काढला की चटकन वाळणारा कागद. १९६१ त असला कागद फोटोवाल्यांकडे नव्हताच. तेव्हाचा कागद नुसत्या लगद्याचा, वाळताना वळणारा, कडेला थोडा फुगणारा. तीस-पस्तीस वर्षांनी निगेटिव्हवरून, किंवा फोटोचाच फोटो काढून, केलेली प्रत होती ती. टिपके नव्हते हे खरं. पण टिपके नसणं म्हणजे जुनं असणं नव्हे. आमच्याकडे नव्या पोराने अशी चूक केली असती तर मी त्याला आठवडाभर बाइंडिंगला बसवला असता.

आणि झोप येईना तेव्हा आणखी एक आठवलं. आस्ट्रिडचे फोटो कितीतरी वर्षं तिला न विचारता जगभर छापले गेले. ज्यांनी छापले ते माझ्यासारखेच छापखानेवाले. १९९४ त मी स्वतः एका कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तिच्याच त्या ट्रकवरच्या फोटोचं पोस्टर छापलं होतं, पुस्तकातून उचलून. दोनशे प्रती. तेव्हा फोटोला कुणी आई असते हे डोक्यातच नव्हतं. २०२० च्या मे महिन्यात ती गेली, याच शहरात.

१८ ऑगस्ट, रविवार

भाच्याच्या हॉस्टेलपासून चालत जाता येईल अशा अंतरावर फ्रीडरिश-एबर्ट-हाले आहे, शाळेचं सभागृह. जून १९६१ त बीटल्सचं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण इथे झालं, टोनी शेरिडन या गायकाला साथ म्हणून, बेर्ट केम्पफर्टच्या देखरेखीखाली. 'माय बॉनी'च्या रेकॉर्डवर नाव मात्र आलं 'बीट ब्रदर्स'. 'बीटल्स' हा शब्द तिथल्या बोलीतल्या एका वाह्यात शब्दासारखा ऐकू येतो म्हणे. तो शब्द कोणता हे विचारल्यावर भाचा म्हणाला, "मामा, प्लीज. आणि आईलाही सांगू नका मी हे बोललो."

दार बंद होतं. रविवार.

१९ ऑगस्ट, सोमवार

विमान, मँचेस्टर, रेल्वे, लाइम स्ट्रीट स्टेशन, म्हणजे लिव्हरपूल, या पोरांचं गाव. तबकडी मांडीवर. ब्रिटिश व्हिसाचा अधिकारी, "कशासाठी आलात?" मी म्हटलं, "बीटल्स." त्याने मान वर न करता शिक्का मारला.

२० ऑगस्ट, मंगळवार

वूल्टनला सेंट पीटर्स चर्चचं आवार. ६ जुलै १९५७ ला इथल्या जत्रेत सोळा वर्षांचा जॉन आपल्या 'क्वॉरीमेन' या बीटल्सच्या आधीच्या बँडबरोबर गायला आणि संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पंधरा वर्षांच्या पॉलशी त्याची ओळख झाली. चौकटीचा शर्ट, माइकपुढे जॉन, हा सुप्रसिद्ध फोटो जेफ रिंड नावाच्या शाळासोबत्याने काढला. त्याच दिवशी बॉब मॉलिन्यू याने घरगुती यंत्रावर टेप केली होती. ती १९९४ त लिलावात ७८,५०० पौंडांना गेली.

मी त्या दोघांचा विचार करत गवतावर बसून राहिलो. एका पोराकडे कॅमेरा, एकाकडे टेप. दोघांनाही आपण काय करतोय याचा पत्ता नाही. गावच्या जत्रेत पोरं करतात तसं केलं. आमच्या गणपतीच्या मेळ्यांत कितीजण गायले असतील. त्यातल्या एकाचाही फोटो आमच्याकडे नाही, आणि वडील तर मेळ्याची पत्रकं छापायचे.

दुपारी २० फॉर्थलिन रोड, पॉलचं घर. आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे. फोन, कॅमेरे दारात जमा. आत भिंतींवर पॉलच्या धाकट्या भावाने, माइकने, काढलेले फोटो टांगलेत, त्याच खोल्यांत, त्याच कोनांतून. बैठकीच्या खोलीत दोन पोरं गुडघ्याला गुडघा लावून वहीत वाकलेली. वहीत ओळी खोडलेल्या. तुम्ही त्याच ठिकाणी उभे असता जिथे माइक उभा होता. या घरातून मला काहीही विकत घ्यायचं नव्हतं, आणि त्यामुळे ती एक दुपार फार सुखाची गेली.

२१ ऑगस्ट, बुधवार

वेस्ट डर्बीत, हेमन्स ग्रीनवर एक थोरला व्हिक्टोरियन वाडा. त्याच्या तळघरात मोना बेस्टने २९ ऑगस्ट १९५९ ला 'कॅस्बा' कॉफी क्लब उघडला. पहिल्या रात्री वाजवायला क्वॉरीमेनच होते, आणि त्याआधी भिंती-छत रंगवायलाही तेच. ते रंग अजून आहेत. पॉलने काढलेले इंद्रधनुष्याचे पट्टे इतके वाकडे आहेत की आमच्याकडचा पेंटर पैसे न घेता पळून गेला असता.

मोनाचा जन्म दिल्लीचा आणि तिच्या मुलाचा, म्हणजे पीटचा, १९४१ चा मद्रासचा. युद्ध संपल्यावर ते बोटीने लिव्हरपूलला आले. घर घेण्यापुरते पैसे कसे आले याची कथा अशी सांगतात की बाईंनी दागिने गहाण ठेवून १९५४ च्या डर्बीत 'नेव्हर से डाय' या घोड्यावर लावले, भाव तेहतीसला एक, आणि घोडा आला. गहाण टाकलेल्या दागिन्यांची आपल्याकडची एकही गोष्ट अशी संपत नाही.

तळघरात डोकं वाकवून उभा होतो तेव्हा मला पीटचं पहिल्यांदाच खरोखर वाईट वाटलं. दोन वर्षं, हॅम्बुर्गच्या सगळ्या रात्री, आणि १६ ऑगस्ट १९६२ ला, पहिल्या रेकॉर्डला दोन महिने नसताना, त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन याने कचेरीत बोलावून सांगितलं की पोरांना तू नको आहेस. सुरुवातीच्या फोटोंची किंमत चढते ती या माणसामुळे. ज्या फोटोत तो आहे तो जुना.

२२ ते २४ ऑगस्ट

पाऊस. मॅथ्यू स्ट्रीटवर गर्दी, प्रत्येक दारातून वेगळं गाणं. 'कॅव्हर्न', हे जिथे वाजवायचे तो तळघरातला क्लब, मूळचा नाही; १९७३ त पाडला, १९८४ त त्याच विटांतल्या पुष्कळशा वापरून बांधला. केन्सिंग्टनमधलं ३८ नंबरचं घर पाहिलं, जिथे पर्सी फिलिप्सच्या बैठकीच्या खोलीत १९५८ त या पोरांनी स्वतःच्या पैशाने पहिली तबकडी कापून घेतली: सतरा शिलिंग सहा पेनी. एकच प्रत. तेव्हाच्या निराळ्या पाचांनी आठवडा-आठवडा वाटून घेतली आणि शेवटी ज्याच्याकडे पडून राहिली त्याच्याकडून पॉलने १९८१ त विकत घेतली. आमच्या वाड्यात दिवाळी अंक असेच फिरायचे, आणि शेवटच्या घरी अडकायचे.

हॉटेलवर रोज टॉवेल उघडून तबकडीला भेग गेली नाही ना ते बघतो. हॉटेलचा टॉवेल पुसायला, हा तिच्यासाठी.

२५ ऑगस्ट, रविवार

एका जुन्या हॉटेलच्या दोन मजल्यांवर मेळा. टेबलांमागून टेबलं: बिल्ले, डब्या, विग, रेकॉर्डी, तिकिटं, सह्या. सह्यांपुढून मी सरळ निघून गेलो. बीटल्सच्या कितीतरी सह्या त्यांचे सोबती नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स करत असत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी विक्री चालू असते.

एका टेबलावर 'मर्सी बीट'. बिल हॅरीने १९६१ च्या ६ जुलैला सुरू केलेलं पाक्षिक, किंमत तीन पेनी, पहिला अंक पाच हजार प्रती. माझ्यासमोर होता ४ जानेवारी १९६२ चा अंक: वाचकांच्या कौलात बीटल्स पहिले. खाली चौघे चामड्याच्या कपड्यांत, आल्बर्ट मॅरियनने काढलेला फोटो. मॅरियन हा लग्नांचे फोटो काढणारा. एपस्टाइनच्या भावाच्या लग्नाचेही त्यानेच काढले होते. आणि फोटोखाली नावांत 'पॉल मॅकार्ट्रे'. आपला मुद्राराक्षस समुद्रापार, आणि तोही अगदी तस्साच! पहिल्या रेकॉर्डच्या आकाशवाणीला वगैरे पाठवलेल्या अडीचशे नमुना प्रतींवरही त्याच्या आडनावातला एक 'सी' गळलाय, आणि नेमक्या त्या चुकीसाठी लोक आता घर गहाण टाकतील. माझ्या रेशनकार्डावर आमचं आडनाव तीन पिढ्या चुकीचं आहे. कुणी विचारत नाही.

शेजारी उभा एक तरुण घासाघीस करत होता. "चूक छापली आहे म्हणजे अस्सल," असं तो स्वतःलाच पटवत होता. मी राहवेना म्हणून म्हटलं, फेरछपाई करताना चूकही जशीच्या तशी येते की. मग विक्रेत्याची परवानगी घेऊन, डोळे मिटून, कागदाच्या मागच्या बाजूने अंगठा फिरवला. हे अंक खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, छापले जात. बिल हॅरीला फोटोंचे नवे ब्लॉक करणं परवडायचं नाही, तो कुणाकुणाकडून उसने आणायचा. खिळा कागदात रुततो. मागे अगदी बारीक उठाव राहतो, गव्हाच्या पिठात तांदळाचा कण लागावा तसा. ऑफसेटवर पान सपाट. अंगठ्याला उठाव लागला. मथळ्याच्या मोठ्या अक्षरांपाशी तर नखही अडकलं. हॅम्बुर्गची थोडी भरपाई झाली. "खरा आहे," मी म्हटलं. विक्रेत्याने लगेच किंमत पन्नास पौंडांनी वाढवली आणि तो तरुण माझ्याकडे असा काही बघू लागला की मी वरचा मजला गाठला.

वर, जिन्यापाशी, एक बाई बिस्किटांचा डबा उघडून बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या. त्या काही विकायला आल्या नव्हत्या. मैत्रिणीच्या नातवाचं टेबल होतं, तो चहा आणायला गेला होता. डब्यात घरगुती फोटो. त्यातला एक मी वाकून बघितला.

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. कडा करवती, माझ्या आईच्या अल्बममधल्या फोटोंसारख्या. अरुंद गल्ली, एका बाजूला गोदामाची भिंत, व्हॅनचं उघडं दार. मध्ये पीट बेस्ट, हातात ड्रमची गोल पेटी, कॅमेऱ्याकडे बघणारा, स्पष्ट. त्याच्या डावीकडे करड्या रंगाचा एक फराटा.

"हा कोण?" मी विचारलं.

"तो जॉर्ज, लव्ह." तिकडे सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, मी गोरामोरा होण्याचं कारण नव्हतं. "मला जॉर्जचाच हवा होता. तो हलला. नेहमी हलायचा. पीट कधी हलायचा नाही."

त्या तेव्हा जवळच्याच कचेरीत टायपिस्ट होत्या आणि जेवणाच्या सुट्टीत कॅव्हर्नला जायच्या. सँडविच पर्समध्ये. परत आल्यावर कपड्यांना तळघराचा वास यायचा, घाम आणि जंतुनाशक, आणि साहेबाला कळायचं. मी फोटो उलटा करायची परवानगी मागितली. मागे तिरक्या ओळींत कागदाचं नाव छापलेलं, 'व्हेलॉक्स', कोडॅकचा जुना कागद. पेन्सिलीने लिहिलेलं: कॅव्हर्न, बुधवार, जेवणाची वेळ. साल नाही, शिक्का नाही, पिनकोडही नाही.

"साल कुठलं?"

"पीट आहे ना? मग ऑगस्टच्या आधीचं."

याची किंमत विचारायला जीभ उचलेना. मी माझी गोष्ट सांगितली, टॉवेल सोडला, तबकडी दाखवली. त्यांनी चश्मा वर केला. "ही तर आमच्या वडिलांच्या रेकॉर्डीसारखी आहे. या पोरांची अशी कधी निघाली?" मी दमदम सांगितलं, वीज नसलेली गावं सांगितली. पलीकडच्या टेबलावर जुना डॅन्सेट रेकॉर्ड प्लेअर होता, चार वेगांचा. ७८ ची सुई वेगळी लागते, ती उलटवता येते. मालकाने उलटवली.

आधी नुसतं तळणं तळल्यासारखी खरखर. मग एकदम पॉलचा आवाज, आणि तोही लांबून, तीन घरं सोडून कुणाच्या तरी लग्नाचा भोंगा वाजावा तसा. जिन्यावरचे लोक थांबले. बाई गाण्यावर नव्हे, सुईवर डोळे ठेवून होत्या. दोन मिनिटं आणि काही सेकंद, झालं. मालक माझ्या कानाशी लागला आणि त्याने एक आकडा सांगितला. तो ऐकून मी घाईघाईने तबकडी उचलली.

"माझ्याकडे याच्या दोन प्रती आहेत," बाई फोटोकडे बघत म्हणाल्या. "केमिस्टकडून दोन काढून घेतल्या होत्या, एक मैत्रिणीला. ती गेली तेव्हा तिच्या मुलीने परत आणून दिली." त्यांनी डब्यातून दुसरी काढली. तशीच, फक्त एका कोपऱ्याला टाचणीचं भोक. पैसे नकोत म्हणाल्या. "मला ते ऐकायला आवडेल घरी. वडिलांचं मशीन पोटमाळ्यावर आहे. चावीचं."

डॅन्सेटवाला जोरजोराने मान हलवत होता. व्यवहार म्हणून बघितलं तर मी वेडेपणा केला, आणि तो मी पुरेसा विचार करून केला असंही नाही. तबकडी पुठ्ठ्यांत घातली, वर टॉवेल गुंडाळला, गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली.

२७ ऑगस्ट, मंगळवार. पुणे

फोटो पासपोर्टात ठेवून आणला. हिने भिंगाखाली धरला, बराच वेळ. "हा मद्रासचा ना?" मी हो म्हटलं. "आणि हा डाग?" मी म्हटलं, जॉर्ज हॅरिसन. तिने पुन्हा पाहिलं, फोटो अलगद टेबलावर ठेवला आणि माझी रिकामी हातपिशवी उलटी करून झटकली.

"टॉवेल कुठाय?"